काळी खिडकी, वहिनी आणि चार बटणं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, दाखल्यांचे फॉर्म, पीक विमा, भरतीचे अर्ज, सगळं त्यातच. शिक्षण बी.ए., आणि कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएस-सीआयटी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की याला प्रोग्रॅमिंग येतच असेल. येत नव्हतं. मे ते सप्टेंबर २०२४ असे चार महिने गेले, आणि त्यातला जुलै तर हाताला लागलाच नाही.

अडचण रोजचीच. लोक मोबाइलवर सातबारा, टीसी, आधार स्कॅन करतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. फाइल येते सहा-सात एम.बी.ची. फॉर्मला पाहिजे अर्ध्या एम.बी.च्या आत, फोटो तर वीस के.बी.च्या आत. मग गूगलवर जाऊन ‘पीडीएफ छोटी करा’वाल्या फुकट साइट शोधायच्या. दोन फाइल झाल्या की तिसऱ्याला पैसे मागतात. नेट गेलं की काम बंद. आणि दुसऱ्याचं आधार कार्ड आपण कुठल्या सर्व्हरवर चढवून राहिलो, हा विचार डोक्यात आला की झोप उडते.

१२ मे, रविवार. घरातल्या लग्नाला पुण्याचा मामेभाऊ आला होता. दुपारी ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता, म्हणून तो कूलरसमोर दुकानात येऊन बसला. माझी फजिती पाहून म्हणाला, ‘नेट बंद कर, मी दाखवतो.’ त्याने घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम आधीच उतरवून घेतला होता. काळी खिडकी, म्हणजे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट, उघडली, एक लांबलचक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. सहा एम.बी.ची फाइल चारशे के.बी.ची झाली. फोटोसाठी इमेजमॅजिक नावाचा दुसरा प्रोग्रॅम. दोन्ही फुकट, दोन्ही नेटशिवाय चालणारे. फक्त दोघांनाही तोंड नाही. बटण नाही, मेनू नाही. जे पाहिजे ते अक्षर न चुकवता लिहून द्यायचं.

मी ती ओळ रजिस्टरच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. मी वावरात किंवा तहसीलला गेलो की दुकान वहिनी सांभाळतात. त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, ‘भावजी, हे का मंत्र आहे? एक अक्षर चुकलं तर का होते?’

‘काहीच नाही होत, फक्त चालत नाही.’

‘मंग मले नाही जमत. गिऱ्हाईक समोर उभं राह्यते न् मी का पाठांतर करत बसू?’

बरोबरच होतं त्यांचं. मला स्वतःलाही जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी एका जुन्या लेखात वाचून मी ‘कन्व्हर्ट’ असं टाइप केलं, तर ‘अवैध पॅरामीटर’. तासभर गेल्यावर कळलं की विंडोजचा स्वतःचाच त्या नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत बदलतो, फॅट नावाच्या जुन्या पद्धतीवरून एनटीएफएसवर. फोटोशी त्याचा काही संबंध नाही. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून ‘मॅजिक’ हा शब्द लिहायचा. तुम्ही सुरुवात करत असाल तर हा तास वाचवा.

पहिला उपाय बॅच फाइलचा केला. नोटपॅडमध्ये तीच ओळ लिहायची, फाइलला डॉट-बॅट नाव द्यायचं आणि डेस्कटॉपवर ठेवायची. पीडीएफ उचलून तिच्यावर सोडली की काम होतं. हे करायला एक संध्याकाळ लागली आणि खरं सांगतो, ज्याला एकच काम एकाच मापात करायचं आहे त्याने इथेच थांबावं. आमचं दहा-बारा दिवस चाललं. मग एकाने ‘आधार&पॅन’ नावाची फाइल आणली. मध्ये जागा नाही, नुसतं & चिन्ह. काळ्या खिडकीला & म्हणजे ‘इथे एक आज्ञा संपली, आता दुसरी’. तिने ‘पॅन’ नावाचा प्रोग्रॅम शोधायला घेतला. फोटोच्या ओळीत ^ हे टोपीसारखं चिन्ह लागतं, तेही बॅच फाइल गिळून टाकते, कारण तिथे त्याला वेगळा अर्थ आहे. अवतरणात घातलं की टिकतं, पण हे कळेपर्यंत मी सगळ्या फोटोंची रुंदी बिघडवून बसलो होतो.

मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘पायथनमध्ये टीकिंटर आहे, खिडकी बनव. आज्ञा तीच राहू दे, फक्त तुझ्याऐवजी खिडकी ती लिहील.’ पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि टीकिंटर म्हणजे तिच्यातला खिडक्या-बटणं बनवणारा भाग. त्याचं शेवटचं वाक्य मी भिंतीवरच्या त्याच कागदाखाली लिहून ठेवलं. तोवर मला वाटत होतं की पीडीएफ छोटी करणारं सॉफ्टवेअर आपल्याला बनवायचं आहे. ते तर बनलेलंच होतं. मला बनवायचा होता मधला माणूस.

२६ मेच्या रात्री पायथन उतरवलं. पंचवीसेक एम.बी. आहे. इन्स्टॉल करताना पहिल्याच पानावर खाली ‘पाथमध्ये जोडा’ असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करा. मी केली नव्हती, म्हणून काढून परत टाकावं लागलं. टीकिंटर विंडोजवर सोबतच येतं. माझ्या एका मास्तर मित्राकडे विंडोजऐवजी उबुंटू आहे, तिथे ते वेगळं घ्यावं लागलं. पण उबुंटूवाल्यांना झेनिटी नावाची सोय आहे. एका ओळीत फाइल निवडायची खिडकी येते, दुसऱ्या ओळीत नाव विचारणारी. हलक्या कामाला तेवढं पुरतं.

पहिली खिडकी तीन रात्रींत झाली. रात्रीच, कारण दिवसा लाइटीचा भरवसा नसतो, इन्व्हर्टरवर झेरॉक्स मशीन पण चालवायची असते. एक ‘फाइल निवडा’, एक ‘लहान करा’, मध्ये मोकळी पट्टी. बटण दाबल्यावर पायथनच्या सबप्रोसेस नावाच्या भागाने घोस्टस्क्रिप्टला हाक मारायची. इथे एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. आज्ञा एका लांब वाक्यात देता येते, तशी तुकड्यांच्या यादीतही देता येते. वाक्यात दिली आणि ‘शेल’, म्हणजे मधे तीच काळी खिडकी, चालू ठेवला की तेच & आणि ^ चे भूत परत येतात. यादीत दिली की प्रत्येक तुकडा जसाच्या तसा पोचतो. हमालाला ‘हे सगळं ने’ म्हणण्यापेक्षा एकेक पोतं मोजून खांद्यावर देणं, तसं. फाइलच्या नावात जागा असो, मराठी असो, & असो, फरक पडत नाही. तरी मी अजून एक खबरदारी घेतो. आलेली फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये साध्या नावाने कॉपी करतो, काम त्या कॉपीवर करतो आणि शेवटी तयार फाइलला मूळ नाव देतो. मूळ फाइल कधी बिघडत नाही. पायथनमध्ये तात्पुरतं फोल्डर काम संपल्यावर आपोआप पुसलं जाईल अशी सोय आहे. लोकांचे आधार, पासबुक दुकानाच्या मशीनवर साचून राहत नाहीत.

१ जूनला वहिनींच्या हातात दिली. त्यांनी चाळीस पानांचं खरेदीखत टाकलं आणि बटण दाबलं. खिडकी पांढरीफटक. वर लिहून आलं की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. त्यांनी आणखी पाच वेळा दाबलं. ‘काऊन बंद पडला हा?’ बंद पडला नव्हता. घोस्टस्क्रिप्ट मागे इमानदारीने काम करत होता, पण माझी खिडकी त्याची वाट पाहत दारातच उभी राहिली होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं, स्वतःला रंगवणंही नाही. उपाय म्हणजे काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या हाताला, द्यायचं, त्या थ्रेडने निरोप एका रांगेत टाकायचे आणि खिडकीने दर शंभर मिलिसेकंदांनी ती रांग पाहून घ्यायची. थ्रेडमधून थेट खिडकीला हात लावायचा नाही. लावला तर कधी चालतं, कधी कोसळतं, आणि कधी कोसळेल ते सांगता येत नाही. हे लिहायला दोन ओळी लागल्या, मला नऊ दिवस लागले होते.

त्यातून एक चांगली गोष्ट मिळाली. घोस्टस्क्रिप्टला गप्प राहायला सांगितलं नाही तर तो प्रत्येक पानाला ‘पान १’, ‘पान २’ असं बोलत जातो. ते बोलणं ओळीओळीने वाचून मी खिडकीत दाखवायला लागलो. चाळीस पानांचं खत असलं तरी आता समोरचा माणूस आकडे पाहत शांत बसतो. काम चालू असताना बटण बंद ठेवायचं, हेही तेव्हाच शिकलो. आणि दर वेळी क्षणभर चमकून जाणारी काळी खिडकी लपवायला सबप्रोसेसला ‘खिडकी उघडू नको’ अशी एक जास्तीची सूचना देता येते. ती चमकली की लोकांना वाटायचं व्हायरस आला.

आता माझ्या चुकीचं सांगतो. जूनच्या मध्यात शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी होती. घोस्टस्क्रिप्टमध्ये तयार मापं असतात. ‘स्क्रीन’ म्हणजे चित्रं इंचाला ७२ ठिपके, ‘ईबुक’ म्हणजे १५०, ‘प्रिंटर’ म्हणजे ३००. मी हुशारी करून सगळ्यांना ‘स्क्रीन’ लावलं होतं, फाइल एकदम चिमुकली. एका पोरीचा अर्ज परत आला. कागद अस्पष्ट. मी फाइल उघडून पाहिली तर तलाठ्याचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग. तिचे वडील पेरणी सोडून दोनदा आले. दुसऱ्यांदा मी पैसे घेतले नाहीत, पण त्यांचा दिवस काही परत देता आला नाही. त्यानंतर पद्धत बदलली. आधी ‘प्रिंटर’ने करून पाहायचं, मापात बसलं तर तिथेच थांबायचं. नाही बसलं तर ‘ईबुक’. ‘स्क्रीन’ शेवटी, आणि तेव्हा खिडकी पिवळी होऊन म्हणते, ‘उघडून वाचा, मगच चढवा.’

काही फाइल मात्र कशानेच हलत नव्हत्या. पाच एम.बी. टाकली, पाच एम.बी. बाहेर. चार रात्री यात गेल्या. शेवटी पानाचं माप पाहिलं आणि हसू आलं. मोबाइलच्या ॲपने पान जवळपास चार फूट उंच बनवलं होतं. एवढ्या मोठ्या पानावर पसरलेल्या फोटोचे इंचाला ७२ ठिपकेच भरतात, मग घोस्टस्क्रिप्टला वाटतं हा आधीच बारीक आहे, कमी काय करायचं? त्याला पान ए-फोरवर बसवायला सांगितलं, त्यासाठी कागदाचं माप, माप कायम ठेवणं आणि पानात बसवणं असे तीन पर्याय आहेत. लगेच फाइल उतरली.

जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले आणि पीक विमा त्यातच. सकाळी सातला बाया दारात. अर्धवट खिडकीच वापरत राहिलो. त्याच गर्दीत दुसरी मोठी चूक निघाली. खिडकी ‘झालं!’ म्हणायची आणि फाइल उघडायचीच नाही. डाउनलोड केलेल्या आधारला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. घोस्टस्क्रिप्ट तक्रार करून परत जायचा, पण मी त्याची तक्रार ऐकतच नव्हतो. असा प्रत्येक प्रोग्रॅम जाताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काही म्हणजे फसलं. मी तो आकडा न पाहता ‘झालं’ छापत होतो. आता आकडा शून्य आहे का, फाइल खरंच तयार झाली का आणि ती रिकामी तर नाही ना, हे तिन्ही पाहतो. तक्रार पासवर्डची असेल तरच पासवर्डची पट्टी उघडते. आधी मी ती कायम दाखवत होतो, तर लोक त्यात स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड सांगायला लागले होते.

ऑगस्टमध्ये थोडी उसंत मिळाली. तोवर फोटोच्या खिडकीत तीन रकाने होते. रुंदी, उंची, किती के.बी. एकदा वहिनींनी सगळं भरलं तरी फोटो होईना. कीबोर्ड मराठीवर राहिला होता, आकडे मराठीत गेले होते. गंमत अशी की पायथनला मराठी आकडे कळतात. तो २०० ला दोनशेच समजतो, म्हणून माझ्या तपासणीत ते पास झाले. पण मी पुढे इमेजमॅजिकला तो मजकूर तसाच दिला आणि त्याला काही कळलं नाही. आता आधी पायथनकडून संख्या करून घेतो, मग ती संख्या पुढे पाठवतो.

हे दुरुस्त करत होतो तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, ‘पण मले काऊन इचारता किती के.बी.? मले का माहीत? मले एवढं माहीत आहे की हा फोटो पोलीस भरतीचा आहे.’

मी तीनही रकाने काढून टाकले. त्याजागी एकच यादी आली: ‘कशासाठी?’ भरतीचा फोटो, सही, दाखल्याला जोडायचा कागद, शिष्यवृत्ती. प्रत्येकाची मापं एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवली, एका ओळीत एक काम. पोर्टलने माप बदललं की प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, ती ओळ बदलायची. एका पोर्टलला फाइल ठराविक मापापेक्षा लहान असलेलीही चालत नाही, म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे ठेवलेत. इमेजमॅजिकला ‘एवढ्या के.बी.त बसव’ म्हटलं की तो दर्जा स्वतः कमी-जास्त करून बसवतो, पण खालची मर्यादा तो पाहत नाही, ती आपणच तपासायची.

फोटोच्या आज्ञेत दोन शब्द कधी विसरू नका. एक म्हणजे ‘ऑटो-ओरिएंट’, नाहीतर मोबाइलचे उभे फोटो आडवे होऊन पडतात. दुसरं, मापाच्या मागे ! लावलं की चेहरा ओढून-ताणून त्या चौकटीत बसवला जातो. आमच्या सरपंचांच्या पुतण्याचं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं. त्याऐवजी ^ लावून आधी चौकट भरायची आणि मग मधोमध कापायचं.

२ सप्टेंबरला पोळा होता. बैलं सजवून, मिरवून आलो आणि संध्याकाळी मागच्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर हे सगळं टाकायला बसलो. तिथे विंडोज ७, तेही ३२-बिट. पायइन्स्टॉलर नावाच्या साधनाने सगळं बांधून एकाच फाइलचा (एक्सई) प्रोग्रॅम नेला होता. चालू केला तर एक डीएलएल (विंडोजची मदतनीस फाइल) सापडत नाही म्हणे. पायथन ३.८ नंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालतच नाहीत. ३.८.१० उतरवलं. घोस्टस्क्रिप्टचं नावही तिथे वेगळं, शेवटी ६४ च्या जागी ३२. त्यात नोटपॅड मापांची यादी जतन करताना मराठीची प्रश्नचिन्हं करून टाकायचं, कारण मराठी अक्षरं टिकवायला जुन्या नोटपॅडला यूटीएफ-८ हा पर्याय निवडून द्यावा लागतो.

पुढच्या टेबलावर वेगळाच घोळ झाला. अँटीव्हायरसने माझीच एक्सई उचलून कोंडून ठेवली. अशा बांधलेल्या फाइलवर त्यांना संशय येतो, हे नंतर वाचलं. मी बांधाबांधीचा नादच सोडला. पायथनची डॉट-पीवायडब्ल्यू फाइल (काळी खिडकी न उघडता चालणारी) आणि तिचा शॉर्टकट, बस. दोन मशीनसाठी एवढं पुष्कळ.

खर्च विचाराल तर पेन ड्राइव्ह ३८० रुपयांचा, दोन महिने नेटचं जास्तीचं रिचार्ज, बाकी काही नाही. वेळेचा हिशोब घरात काढू देत नाही मी.

१० सप्टेंबरपासून खिडकी रोज चालते. एकदाच अडली, डिसेंबरात. मी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर रांगेत होतो, पुढे बाराएक गाड्या. वहिनींचा फोन आला. ‘भावजी, हे म्हणते घोस्टस्क्रिप्ट सापडत नाही.’ आदल्या रात्री मी नवी आवृत्ती टाकून जुनी काढली होती. घोस्टस्क्रिप्टच्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, आणि मापांच्या त्याच यादीच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता लिहिलेला. फोनवर सांगितलं: यादी उघडा, पहिली ओळ, १०.०३.१ च्या जागी १०.०४.० करा, जतन करा.

पलीकडे कीबोर्डची टकटक. एक ठिपका राहिला होता, तो टाकला. मग ‘पान १’, ‘पान २’ असं त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

‘झालं,’ म्हणाल्या. ‘आता भाव का निघाला ते सांगा.’